पायांची कमाई



वाशीच्या मसाला बाजारात पोती उतरवणाऱ्यांच्या संघटनेचा माणूस फुटबॉलवर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आमचे शिक्षण गाळ्याच्या ओट्यावर जुनी वर्तमानपत्रे वाचून झाले. खेळातले डावपेच आम्हांस कळत नाहीत; परंतु अंगावर पोट असलेल्याचे अंग निकामी झाले म्हणजे काय होते, ते आम्ही रोज पाहतो.

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे! मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा हा आघाडीचा खेळाडू. त्या काळी कंपन्यांचे, बँकांचे, रेल्वेचे संघ असत. चांगल्या खेळाडूस तेथे नोकरी मिळे. गोल आटले तरी पगार चालू राही. व्यवस्था चांगली, पण उभी मालकाच्या मर्जीवर. १९६२ साली निघालेला महिंद्राचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० साली बंद झाला.

ही मोठ्यांची कथा. लहानांचे काय? आमच्या टोळीतल्या एका हमालाचा मुलगा मुंबईत खालच्या गटात आघाडीला खेळे. सामन्यामागे पैसे ठरत, तेही तोंडी. गुडघा मोडला आणि बोलावणे थांबले. चोविसाव्या वर्षी तो आमच्या कचेरीत आला. "काका, काही काम मिळेल का?" आम्ही विचारले, "आजवर काम केल्याचा कागद आहे का?" त्याने खिशातून संघाचा फोटो काढला.

बापाला १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळवून दिली. मुलापाशी तो फोटो तेवढा होता. त्या गुडघ्यावर पोते पेलवेना. पूर्वी आम्हीच त्याच्या बापाला म्हणालो होतो, "पोरगं खेळतंय कसलं, कामाला लाव." खेळ हेही काम आहे, हे आमच्यासारख्या संघटनावाल्याच्याही ध्यानात आले नव्हते!

इंग्लंडमधल्या खेळाडूंनी १९०७ सालीच संघटना बांधली. १९६१ पर्यंत तेथे आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. संपाची तयारी होताच ती उठली. जॉर्ज ईस्टहॅम या आघाडीच्या खेळाडूस क्लब सोडू देईना. त्याने खेळणे थांबवले, काही काळ बुचे विकून पोट भरले आणि १९६३ साली न्यायालयात क्लबांचा तो नियम अन्यायाचा ठरवून घेतला. त्याचा लाभ खालच्या गटांतल्या अनामिकांनाही झाला.

आपल्याकडेही २००६ साली खेळाडूंची संघटना निघाली. पण गल्लीतल्या, तालुक्यातल्या मैदानावर काय आहे? तेथे खेळवणाऱ्याने लेखी करार द्यावा, दुखापतीचा विमा उतरवावा, इतकीच आमची मागणी आहे. गोल झाला की आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांनी घरची चूल पेटत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.