कारागिराच्या हातातले पुस्तक

(विश्वकर्मा पूजनानिमित्त निदेशक, उद्योजक व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. कानस हातात कशी धरावी, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हते. एका निवृत्त शिल्पनिदेशकांनी फिटर व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थींसाठी मराठीतून पूरक पुस्तक लिहावयास घेतले आणि त्याची भाषा पाहण्याचे काम एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी माझ्याकडे सोपविले. "तुम्ही भाषेचे माणूस, दोन महिन्यांत उरकेल," असे ते म्हणाले. प्रत्यक्षात चौदा महिने लागले. त्या काळात मी जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

एकच शब्द पुनःपुन्हा आला की लेखन नीरस होते, असे आम्हाला शिकविलेले. म्हणून मी पहिल्या प्रकरणात कुठे 'हत्यार', कुठे 'अवजार', कुठे 'साधन', तर कुठे 'उपकरण' असे शब्द मोठ्या हौसेने पेरले. ते प्रकरण आम्ही काही मुलांना वाचावयास दिले. एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, ही चार वेगवेगळी आहेत का? पेटीत तर एकच दिसतंय." माझी निबंधातली शोभा त्याच्या दृष्टीने निव्वळ गोंधळ होता. त्या दिवशी आम्ही ठरविले, कापते-घासते ते हत्यार, मोजते ते उपकरण; आणि एकदा ठरलेला शब्द शेवटच्या पानापर्यंत बदलायचा नाही.

दुसरा धडा अधिक कठोर होता. सुरक्षिततेच्या प्रकरणात मी लिहिले होते, "यंत्राचा वीजपुरवठा खंडित असल्याची खातरजमा करण्यात यावी." व्याकरण निर्दोष, भाषा भारदस्त. निदेशकांनी मुलांना विचारले, ही खातरजमा कोणी करायची? काही म्हणाले, "सरांनी." काही म्हणाले, "वायरमनने." "मी" असे एकानेही म्हटले नाही. तेव्हा निदेशकांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचे पुढचे पेर नव्हते. कित्येक महिने आम्ही शेजारी बसून काम करीत होतो. ते माझ्या लक्षात आले होते, पण विचारण्याचे धैर्य झाले नव्हते. ते म्हणाले, "मशीन कुणीतरी बंद केलं असेल, असं मला वाटलं होतं." बस्, एवढेच. मी ते वाक्य खोडले आणि लिहिले, "यंत्र स्वतः बंद करा. फिरणारा भाग पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नका." कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, हे मी शाळेत शिकलो होतो. त्याची किंमत कार्यशाळेत कळली.

आता परिभाषेविषयी. हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले 'दिनांक', 'महापौर' हे शब्द आज आपण सहज वापरतो. स्वभाषेचा तो अभिमान मनात घेऊनच मी या कामाला बसलो. चूक एवढीच झाली की, मी आधी कोश उघडला आणि लोहाराच्या भात्यापाशी नंतर गेलो. गुण्या, ओळंबा, पाणसळ, सामता, ऐरण हे शब्द आपल्या सुतार, गवंडी, लोहार बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. हेही स्वभाषेचेच धन नव्हे काय?

छिन्नीला 'पाणी देणे' हाच प्रयोग पाहा. पोलादी छिन्नीचे टोक लालभडक तापवायचे, तेवढेच पाण्यात बुडवायचे, लगेच घासून चकचकीत करायचे. मग मागच्या अंगातली उष्णता टोकाकडे सरकते आणि त्यावर पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमाने चढतात. पिवळा सुमारे २३० अंश सेल्सिअसला, निळा सुमारे ३०० अंशांना. छिन्नीच्या टोकावर जांभळा आला की पुन्हा बुडवायची. रंग चढू न देता तशीच वापरली तर धार ठिसूळ राहते, टवका उडतो. आपला लोहार तापमापकावाचून केवळ डोळ्यांनी हे साधतो. त्याचा शब्द टाकून मी दुसरा घडविण्याचे कारणच काय?

अखेर तीन नियम झाले. कारागिराचा शब्द असेल तर तो पहिला. तो नसेल आणि संस्कृतातून घडविलेला शब्द ऐकताच उलगडत असेल, जसा 'विद्युतप्रवाह', तर तो दुसरा. आणि कारखान्यात ज्या वस्तूला सर्वजण 'मायक्रोमीटर' म्हणतात, तिला मायक्रोमीटरच म्हणायचे. कारण उद्या फोरमन तीच मागणार आहे. अंकांचेही तसेच. व्हर्नियर कॅलिपरवर कोरलेले अंक इंग्रजी असतात, म्हणून आकृतीत तेच ठेवले. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरचे व्हर्नियरवर ५० भाग, म्हणून लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, हे दोन पानांत सांगूनही समजेना. मग एक मोठी आकृती काढली, पाच मापे सोडवून दाखविली, दहा मुलांसाठी ठेवली. माझी दोन्ही पाने गेली. त्याचे मला दुःख नाही.

मित्रहो, हा मार्ग नवा नाही. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन स्थापन केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तंत्रशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला गेला. चित्रमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचा पुरस्कार केला, तेव्हा ती जुनी वाट पुन्हा दिसू लागली. पण धोरणाने पुस्तक लिहिले जात नाही. ते कुणीतरी बसून लिहावे लागते.

आणि एक कटू गोष्ट आपल्याच घरांविषयी. आज आपण विश्वकर्म्याला हार घातला. पण आपला मुलगा आयटीआयला जातो म्हणाला, तर आपला चेहरा उतरतो. गुण कमी पडले म्हणून तो तिकडे गेला, असे आपण नातेवाइकांना खालच्या आवाजात सांगतो. ज्या विद्येला घरात मान नाही, तिच्या पुस्तकाकडे कोण लक्ष देणार?

या सभागृहात निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत, भाषेचे जाणकार आहेत. माझी विनंती लहान आहे. आठवड्यातली एक दुपार द्या. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जा, एका मुलाजवळ बसा आणि त्याला त्याच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचावयास सांगा. तो जिथे अडखळेल, तिथे खूण करा. ती खूण निदेशकांना द्या. आमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती अशाच खुणांवरून तयार होत आहे, आणि वायरमन व वेल्डर या व्यवसायांच्या पुस्तकांना अजून हात लागायचा आहे.