अभ्यासक्रम आणि मुलाचा दिनक्रम

अभ्यासक्रमाची आखणी मुलाच्या दिनक्रमापासून सुरू व्हावयास हवी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील कित्येक आदिवासी मुले गुरे राखीत, त्यामुळे शाळेस मुकत. तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली, तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे यांवर गणना होऊ लागली. झाडे-पाखरे हेच निसर्गाभ्यासाचे पुस्तक झाले. विषय तेच राहिले. स्थळ, वेळ व साधने मात्र मुलांच्या जीवनावरून ठरली. म्हणून गैरहजर मुलाचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी त्याचा दिवस कसा जातो हे शिक्षकाने पाहावे. पुढील पाठाचे टाचण तेथेच सापडेल.