मैनपाटावरचा हिमसिंह



मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या या रायपुरात बर्फातल्या प्राण्याविषयी बोलावयाचे, हे धाडसच म्हणावे लागेल. परंतु ज्याच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, तो आपल्या छत्तीसगडातच, सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटावर नांदतो. मात्र तो हाडामांसाचा नव्हे.

१९५९ नंतर मायदेशास मुकलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींची वसाहत १९६२-६३ च्या सुमारास मैनपाटावर झाली. सुमारे हजार मीटर उंचीचे पठार. हिवाळ्यात गवतावरचे दव गोठते. तरीही ते तिबेट नव्हे. याकची दाट लोकर नि मोठी फुप्फुसे उंचावरच्या विरळ, गार हवेसाठी घडलेली; खालच्या उष्म्यात तोच पोशाख त्याला जाचतो. खरा प्राणी मागे राहिला आणि कल्पनेतला तेवढा बरोबर आला.

तो हा हिमसिंह. अंग पांढरेशुभ्र, आयाळ हिरवीनिळी. तिबेटच्या ध्वजावर हिमशिखरापुढे असे दोन सिंह आहेत. गंमत अशी की, तिबेटात सिंह आढळतच नाही. बुद्धाच्या उपदेशास सिंहनाद म्हणतात. तो उपदेश आपल्या देशातून हिमालय ओलांडून गेला, त्याच्यामागून सिंहही गेला आणि त्या लोकांनी त्याला आपल्या बर्फाचा रंग दिला. हिमसिंहिणीचे दूध फार गुणकारी, पण ते सोन्याच्या पात्रातच टिकते, अशीही त्यांची समजूत. प्राणिशास्त्रज्ञ यावर हसतील. आम्हांस तो अधिकार नाही. शिवनेरीच्या दरवाजावर कोरलेला शरभ आपल्यापैकी कोणी चालताना पाहिला आहे?

आम्ही काही कुटुंबे मैनपाटास सहलीला गेलो होतो. तेथील मठात हिमसिंहाचे चित्र पाहून आमच्यातल्या एका चिरंजीवाने विचारले, "बाबा, हा खरा असतो का?" वडील गप्प राहिले. आम्हांलाही उत्तर सुचेना. त्या वसाहतीत जन्मलेल्या मुलांनी तिबेट पाहिलेला नाही, हे म्हणणे सोपे होते. पण रायपुरात वाढलेल्या या मुलाने तरी सह्याद्री कोठे पाहिला होता? गड त्याला ठाऊक, तो दिवाळीत अंगणात करतो तेवढाच.

त्या दिवाळीत आम्ही त्याचा किल्ला पाहावयास गेलो. महाराज सिंहासनावर होते, मावळे बुरुजांवर होते. दरवाजाशी मातीचा एक सिंह बसविलेला होता. चुना लावून त्याला पांढरा केले होते, आणि मानेभोवती पेरलेले हळीव हिरवेगार उगवून आले होते.