यात्रेहून येताना पिशवीत काय असावं?



तुरी निघाल्या, कापूस विकून चार पैसे हातात आले, की आपल्याकडे यात्रेच्या गाड्यांची बोलणी सुरू होतात. काशी, प्रयाग, अयोध्या आणि तिथून पुढं गोरखपूरवरून सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळ. लुंबिनी, पोखरा, काठमांडूचा पशुपतिनाथ. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही नसला तरी चालतो. मतदार ओळखपत्र मात्र जवळ पाहिजे. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. म्हणूनच गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या कितीतरी बायांचा आयुष्यातला पहिला परदेश म्हणजे नेपाळ.

परदेश म्हटलं की खरेदी आलीच. गाडी परत येते तेव्हा टपावर बांधलेल्या ब्लँकेटांच्या गाठोड्यांनी ती ओळखू येते. स्वेटर, शाली, छत्र्या, बॅटऱ्या, रुद्राक्षाच्या माळा. "नेपाळात लई स्वस्त" असं प्रत्येकजण सांगतं. आज आपण हे स्वस्त खरोखर किती स्वस्त असतं, त्याचा हिशोब बघू.

पहिली गोष्ट पैशाची. नेपाळचा रुपया वेगळा आहे. आपल्या 100 रुपयांचे तिथले 160 होतात. 1993 पासून हाच दर ठरलेला आहे, तो रोज वरखाली होत नाही. बाजारात आपल्या रुपयाला 'आयसी' म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी'. दुकानदार म्हणाला, "शाल आठशे," तर लगेच विचारायचं, "आयसी की एनसी?" आठशे एनसी म्हणजे आपले पाचशे. न विचारता आपल्या नोटांनी आठशे मोजले, तर तीनशे रुपये तिथंच गेले. मग कितीही घासाघीस करा, ते भरून निघत नाहीत. भाव करायच्या आधी हा एक प्रश्न, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

नोटांचंही बघावं लागतं. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळ सरकारनं आपल्या 100 रुपयांपेक्षा मोठ्या नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून यात्रेकरू शंभराच्या नोटा बांधून नेऊ लागले. असे नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आधी आपल्या बँकेत विचारून घ्या. गाडीवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट मालाची. ब्लँकेट घेताना त्याचं लेबल वाचा. ब्लँकेट आणि गोधड्यांचा मोठा बाजार आपल्याच देशात पानिपतला आहे, स्वेटरांचा लुधियानाला. लेबलवर 'मेड इन इंडिया' असेल, तर आपलाच माल आपण परदेशातून पाठीवर वाहून आणतोय. जायच्या आधी परभणीच्या बाजारात चार वस्तूंचे भाव विचारून वहीत लिहून न्या. तिथं वही उघडा. शंभर-दीडशेचा फरक असेल तर एवढं ओझं वाहायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गंमत सांगते. सीमेपलीकडचे नेपाळी लोक स्वस्त सामान घ्यायला आपल्या बाजूच्या बाजारात येतात. मीठ, साखर, कपडे घेऊन जातात. नेपाळचा नियम असा, की 100 नेपाळी रुपयांच्या वर किमतीचं सामान नेलं तर जकात भरायची. 2023 मध्ये त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा सीमेवरचे लोक चिडले होते. म्हणजे आपण स्वस्त म्हणून तिकडं जातो आणि ते स्वस्त म्हणून इकडं येतात!

विजेच्या वस्तू, मोबाईल, इस्त्री यांच्यापासून जरा लांबच राहा. बिल नसतं, वॉरंटी इथं चालत नाही, बिघडली की सुटे भाग मिळत नाहीत. आपल्या बाजूच्या कस्टमनं अडवलं तर ती वेगळीच कटकट. 2016 च्या बॅगेज नियमांत नेपाळातून जमिनीच्या रस्त्यानं येणाऱ्याला फक्त आपलं वापरातलं सामान जकातीशिवाय आणायची मुभा ठेवली होती. दोन-चार शाली कुणी मोजत नाही, पण गठ्ठे बांधून आणले की विचारणा होणारच. काहीही घेतलं तरी बिल मागा आणि जपून ठेवा.

तिसरी गोष्ट देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीची. रुद्राक्षाची झाडं नेपाळात आहेत, तिथला रुद्राक्ष नावाजलेला आहे, हे खरं. पण सगळ्यात जास्त पिकतो तो पाचमुखी, आणि तोच स्वस्त असतो. गोल एकमुखी इतका दुर्मीळ, की रस्त्याकडेच्या टोपलीत तो सापडायचा नाही. तिथं जो मिळतो तो बहुतेक लाकूड कोरून किंवा दोन तुकडे चिकटवून केलेला असतो. "पाण्यात बुडाला म्हणजे खरा" ही परीक्षा मुळीच खरी नाही. वाळलेला खरा मणी तरंगतो आणि खोटा जड मणी बुडतो. पाचमुखी माळ घ्या, श्रद्धेनं घाला. हजारो रुपयांचा एकमुखी घेऊ नका.

पश्मिन्याचंही तसंच. खरा पश्मिना म्हणजे डोंगरी शेळीची मऊ लोकर, तो महागच असतो. नेपाळात त्याला 'च्यांग्रा पश्मिना' असं नोंदणी केलेलं चिन्ह आहे. दोन-तीनशे रुपयांना मिळते ती शाल सुती किंवा कृत्रिम धाग्याची. थंडीला चांगली असेल तर घ्या, पण ती शाल म्हणून घ्या. पश्मिना म्हणून पैसे मोजू नका.

आणि काही वस्तूंना हातच लावू नका. कस्तुरी, कुठल्या प्राण्याचं कातडं, नखं, आणि 'हाथाजोडी'. हाथाजोडी म्हणजे दुर्मीळ झाडाची मुळी, घरात ठेवली की लक्ष्मी येते, असं सांगून विकतात. ती घोरपडीच्या नराचं वाळवलेलं अंग असते, हे 2017 मध्ये उघड झालं. घोरपड मारणं, तिचा भाग बाळगणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. लक्ष्मी यायची बाजूला, पोलीस दारात यायचे.

आपल्या गटातल्या काही बहिणी हज किंवा उमराहला जातात. त्यांच्यासाठी दोन शब्द. तिकडचं सोनं स्वस्त म्हणून नातेवाईक आधीच यादी देतात. जुलै 2024 मध्ये सरकारनं सोन्यावरची आयात जकात 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणली, तेव्हा दुबईच्या आणि इथल्या भावातला फरक कमी झाला. बाईमाणसाला 40 ग्रॅम दागिन्यांची सवलत असते, हे खरं, पण ती परदेशात एक वर्षाहून जास्त राहिलेल्या बाईला. चाळीस दिवसांच्या हजला ती लागू होत नाही. आणि विमानतळावर कुणी, अगदी ओळखीच्या माणसानंही, "आपा, एवढं पाकीट तेवढं न्या, पलीकडं माझा भाऊ घेईल," असं म्हटलं तर सरळ नाही म्हणा. पाकिटात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, पण पकडलं तर नाव तुमचं लागतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ही एवढी खरेदी आपण करतो कुणासाठी? स्वतःसाठी एखादीच शाल असते. बाकी सगळं लेकींना, नणंदांना, जावांना, शेजारणींना. परत आल्यावर मावंदं घालायचं, आणि मावंद्याला आलेल्या प्रत्येकीच्या हातात काहीतरी ठेवायचं. 'परदेशाहून आली आणि मोकळ्या हातानं आली' हे ऐकायला नको, म्हणून.

माझ्या एका गटात एका मावशींनी चार वर्षं बचत करून यात्रेपुरते पैसे जमवले. आणि गाडीत नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नाही जात. तिकिटाचे पैसे हायेत, आणायच्या सामानाचे नाहीत." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. देणं-घेणं असलेली सतरा घरं. त्यासाठी गटाकडं दहा हजारांचं कर्ज मागावं की यात्राच सोडावी, असा त्यांच्यापुढं प्रश्न. शेकडा दोन व्याजानं, दहा हप्त्यांत फेडायचं म्हटलं तर अकराशे रुपये व्याज. म्हणजे लोकांच्या ब्लँकेटांसाठी अकरा हजार शंभर.

त्या बैठकीत एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "आपल्या सासवा काशीहून काय आणायच्या गं?" सगळ्या गप्प झाल्या. मग आठवलं. काळभैरवाचा काळा दोरा आणायच्या, गंगेचा गडू आणायच्या, चिमूटभर प्रसाद आणायच्या. गंगा पूजली की तीर्थ सगळ्यांच्या तळहातावर. हजहून आलेल्या घरीही असंच असतं. जमजमचं पाणी घोटघोट आणि एकेक खजूर. त्यात कुणी किंमत बघत नव्हतं. यात्रेचं पुण्य वाटून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. ब्लँकेट त्यात मागाहून शिरलं.

त्या दिवशी गटानं साधा ठराव केला. यात्रेहून येणारीनं दोरा आणि प्रसाद आणायचा. त्याहून जास्त कुणी मागायचं नाही, आणि आणलं तरी ठेवून घ्यायचं नाही. मावशी कर्ज न काढता गेल्या. सतरा घरी प्रसाद दिला. स्वतःसाठी एक जाड स्वेटर घेतला, आणि पहाटे शेतात जाताना तो त्या घालतात.

म्हणून माझं सांगणं असं, की खरेदी करू नका असं नाही. स्वतःला हवी ती वस्तू पारखून, भाव विचारून, हौसेनं घ्या. पण लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढून गाठोडी वाहू नका. हे एकटीनं ठरवून होत नाही, कारण एकटीला नावं ठेवली जातात. सगळ्या गटानं ठरवलं की नावं ठेवायला कुणी उरत नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय काढा आणि ठराव वहीत लिहून घ्या. ज्या बाईची यात्रा सामानापायी अडली असेल, तिची यात्रा त्यानं सुटेल.