यंत्राचं गाऱ्हाणं

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एक्स-रे तंत्रज्ञाने केलेले भाषण)



मी आपल्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. भाषणाची सवय नाही. पण माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा. वरच्या पाड्यावरच्या एका आजोबांना आपल्या ताई नदी ओलांडून घेऊन आल्या. महिनाभराचा खोकला, अंग वाळलेलं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला. मी बटण दाबलं, पण फोटो निघेना. पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे आले. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आकडे गेले. मला वाटलं, बिघाडही गेला. असं चार वेळा केलं. शेवटी यंत्र सुरूच होईना.

इंजिनिअरने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "कोड काय होता?" मी गप्प. कोणता भाग बिघडला ते कळेना, म्हणून तो रिकाम्या हाताने आला, तपासून परत गेला आणि मग भाग घेऊन आला. ११ दिवस गेले. तोवर नदीला पूर आला. आजोबा आले ते दसऱ्यानंतर, वजन आणखी उतरलेलं. औषधं घेऊन ते बरे झाले. पण मधले दिवस माझ्यामुळे गेले.

इंजिनिअरने तेव्हा समजावलेलं सांगतो. नळीत जेवढी ऊर्जा जाते, त्यातली जेमतेम १ टक्का किरण होते, बाकी सगळी उष्णता. ती एका जागी साचू नये म्हणून आतली टंगस्टनची चकती गरगर फिरते. चकतीला वेग आला नाही, तर यंत्र किरण सोडतच नाही, कारण सोडले तर चकती वितळेल. माझं यंत्र तेच सांगत होतं. मी मात्र त्याचं तोंड बंद करत होतो.

पडद्यावरचा प्रत्येक आकडा बिघाडाचा नसतो. काही नुसती स्थिती सांगतात: तयार आहे, नळी तापली आहे, दार उघडं आहे. तिथे थांबायचं किंवा दार लावायचं. काही इशारे असतात. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की आपल्याकडे वीज कमी दाबाने येते, तो त्यातलाच. आणि काही खरे बिघाड. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, म्हणून अंदाज न करता यंत्राचं पुस्तक पाहायचं.

आता यंत्राजवळ एक वही टांगली आहे. यंत्र बंद करण्याआधी तिच्यात लिहायचं: तारीख, वेळ, कोड जसाच्या तसा, कोणत्या क्षणी आला, किती केव्ही आणि किती एमएएस लावले होते, विजेचा दाब किती होता. फोटो निघताना मध्येच बिघाड झाला, तर पेशंटला थोडे किरण लागलेले असतात. तेही लिहायचं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही. यंत्राचं झाकण तर मी उघडतच नाही. आत लाखभर व्होल्टचा दाब तयार होतो, आणि वीज बंद केल्यावरही काही भागांत ती साठून राहते.

गेल्या वर्षी तोच कोड पुन्हा आला. मी फोनवर वाचून दाखवला. इंजिनिअर भाग घेऊनच आला आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं.

ताईंनो, एक विनंती. रोज सकाळी यंत्र तपासून मी दाराच्या पाटीवर 'चालू', 'थांबा' किंवा 'बंद' लिहितो. पेशंटला घेऊन निघण्याआधी फोन करून विचारा, पाटीवर काय आहे. कुणाला उगाच नदी ओलांडायला लागू नये.

पेशंटचं गाऱ्हाणं आपण नीट ऐकतो, लिहून घेतो. यंत्राचंही तसंच घेऊ या. त्याच्यामागे कुणीतरी आजोबा उभे असतात.