आपले लहान विद्यापीठ आणि आपली घरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी, विद्यार्थिनींच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



‘आपल्या विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचे यश’ या विषयावर आज मी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरविले. मी विदुषी नव्हे. दहावी झालेली, पापड लाटणारी आणि मंडळाचा हिशेब लिहिणारी बाई. तेव्हा हे काम माझ्यावर का टाकले, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “तुमच्या घरात त्या विद्यापीठाची पदवी आहे, म्हणून.” पदवी आहे हे खरे. पण ती घरात कशी आली, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आज सांगणार आहे. त्याआधी विषयाला धरून दोन शब्द बोलते.

आपले विद्यापीठ वयाने लहान आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. तोवर खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या छायेखाली होती. परीक्षेचा अर्ज पुण्याला जायचा आणि निकाल पुण्याहून यायचा. गुणपत्रिकेत एखादी चूक राहिली, तर ती दुरुस्त करण्यासाठी घरच्या पुरुषमाणसाला रात्रीच्या गाडीने पुणे गाठावे लागे. ज्या घरात असा पुरुष नव्हता किंवा भाड्याला पैसा नव्हता, त्या घरातल्या पोरीचे काय होत असेल, याचा विचार आपणच करावा. विद्यापीठ जवळ आले याचा पहिला लाभ अशा घरांना झाला.

पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणिताचे विद्वान होते. जळगावबाहेर, गिरणा नदीच्या अलीकडे, बांभोरीजवळच्या माळरानावर विद्यापीठ उभे राहिले. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करीत एस.टी.ने जाताना ते आपल्याला लागते. आज तिथे झाडी आहे, शास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, रसायन-तंत्रज्ञानाची निराळी संस्था आहे आणि मुलींचे वसतिगृह आहे. आरंभी जळगाव आणि धुळे हे दोनच जिल्हे त्याच्याकडे होते. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तीन झाले. सातपुड्यातल्या पाड्यापासून तापीकाठच्या केळीच्या बागेपर्यंतची मुले त्या एका छपराखाली येतात.

आता यशाचे बोलू. थोरांची नावे घेताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपण ज्यांचा अभिमान वाहतो त्यांतली पुष्कळ माणसे या विद्यापीठाच्या जन्माआधीच शिकून गेली. मात्र ज्या महाविद्यालयांत ती शिकली, ती आज याच विद्यापीठाच्या पंखाखाली आहेत. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, तेथूनच एम.ए. झाल्या. कॉलेजात टेबल-टेनिसमध्येही त्या पुढे होत्या. १९६२ साली आमदार झाल्या आणि २००७ साली भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा आणि २००८ च्या हल्ल्याचा खटला सरकारतर्फे लढविणारे उज्ज्वल निकम यांनी कायद्याची पदवी जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयातून घेतली. लांबच्या शहरी गेल्यावाचून माणूस मोठा होत नाही, हा समज या दोन नावांनी पुरता खोडून काढला आहे.

आज आपण ज्यांना नारळ दिला त्या मुली नामवंत नाहीत. एकीने युवारंग महोत्सवात भारूड म्हटले, एक आविष्कारच्या संशोधन-स्पर्धेत आपला तक्ता घेऊन उभी राहिली, एक मैदानावर धावली, एक आपल्या विषयात पहिली आली. त्यांची नावे वर्तमानपत्रात एका ओळीत येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात आपण भाजी निवडतो. तरीही मला हे यश लहान वाटत नाही. मोठ्या विद्यापीठाचे मोठेपण जगात किती गाजले त्यावर मोजतात. लहान विद्यापीठाचे मोजमाप निराळे हवे. ज्या घरात आजवर कोणी पदवी पाहिली नव्हती, अशा किती घरांत ती गेली, हे पाहावे.

महर्षी कर्व्यांची गोष्ट आठवा. जपानातल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आरंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लोक हसले. तरी अण्णा वर्गणी मागत दारोदार हिंडले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने १५ लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि ते विद्यापीठ नाथीबाईंच्या नावाने देशभर प्रसिद्ध झाले. त्या बोटांवरच्या मुलींना घराबाहेर पाऊल टाकू देणाऱ्या आया कोण होत्या, त्यांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते.

माझी मोठी मुलगी २०१२ साली धुळ्यातच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. गुण चांगले पडले. तिला एम.एस्सी. करण्यासाठी जळगावला विद्यापीठात जायचे होते. धुळ्याहून अंतर सुमारे ९० किलोमीटर. रोज जाणे-येणे होण्यासारखे नव्हते. वसतिगृहात राहावे लागणार होते. तिने अर्ज आणला, भरला आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. मी म्हटले, “तुझे पप्पा नको म्हणतात.”

भगिनींनो, ते खोटे होते. ह्यांनी नको म्हटलेच नव्हते. ह्यांनी मला एवढेच विचारले होते की, फी कधी भरायची? नको होते ते मला. पोर परगावी एकटी राहील, लोक काय म्हणतील, शिकलेल्या मुलीला तिच्याहून शिकलेला मुलगा कुठून आणायचा, असे सारे माझ्या मनात होते. पण मुलीच्या तोंडावर तसे सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी नवऱ्याचे नाव पुढे केले. बाप कठोर ठरला, आणि मी बिचारी आई ठरले. मुलगी रडली नाही. अर्जाची घडी घालून तिने ती पुस्तकात ठेवली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

सासर शिरपूर तालुक्यातले, शेतकरी. माझ्या विहीणबाईंना अक्षरओळख नाही. अहिराणीखेरीज दुसरी भाषा त्यांच्या जिभेवर नाही. लग्नाच्या वेळी मला वाटले होते की, पोरीचे शिक्षण आता चुलीत गेले. चार वर्षे तसेच चालले. नातू झाला. २०१७ साली आखाजीला मुलगी माहेरी आली. अंगणात झोक्यावर बसली होती. सहज बोलावे तसे म्हणाली, “आई, मी जळगावला प्रवेश घेते आहे. सासूबाई बाळाला सांभाळणार आहेत.”

मला खरेच वाटेना. मी विहीणबाईंना फोन लावला. वाटले, पोरीने हट्ट धरला असेल, त्यांना भीड पडली असेल. त्या म्हणाल्या ते मी आपल्या बोलीत सांगते. “तिच्या पेटीत एक कागद सापडला. मला वाचता येत नाही, म्हणून शाळेतल्या पोराकडून वाचून घेतला. कॉलेजचा अर्ज निघाला. पाच वर्षे कागद जपून ठेवला, म्हणजे पोरीचे मन तिथेच आहे. गाय हंबरते तर आपण दावे पाहतो. माणसाचे का पाहू नये?”

मी फोन ठेवला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दोन वर्षे माझी मुलगी वसतिगृहात राहिली. दर शनिवारी शिरपूरला जायची आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने परत यायची. बाळाला पहिल्या महिन्यात ताप आला, तेव्हा ती सारे सोडून येण्यास निघाली होती. विहीणबाईंनी तिला येऊ दिले नाही. त्या बाळाला घेऊन दवाखान्यात बसल्या, आणि ताप उतरल्यावरच तिला कळविले. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात हात कमी पडत, तेव्हा त्या नातवाला झोळीत घालून शेतात नेत. हे सारे करताना मी उपकार केले, असा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. मी काय केले? दोनदा लाडू पाठविले.

२०१९ साली ती एम.एस्सी. झाली. मध्यंतरी एक गोष्ट घडली होती. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या कागदावर एक नाव आहे आणि पदवीच्या कागदावर दुसरे. पदवी घेण्यास आम्ही सारे गेलो होतो. फाटकाशी विहीणबाई थांबल्या आणि मला विचारू लागल्या की, वर हे कोणाचे नाव लिहिले आहे?

माझे माहेर जळगावकडचे. बहिणाबाईंचे आसोदे आमच्या गावापासून दूर नाही. मी त्यांना सांगितले : ही बाई १८८० साली आसोद्याला जन्मली. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आली. तिशीतच कपाळ पांढरे झाले, पदरी तीन लेकरे. शेतात काम करताना, जात्यावर बसताना तिला गाणी सुचत. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची गाणी घरातल्या लेकरांनी ऐकून टिपून ठेवली. ती १९५१ साली गेली. तिचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज त्याच गाण्यांवर मुले एम.ए.चे पेपर लिहितात.

विहीणबाई बराच वेळ त्या पाटीकडे पाहत राहिल्या. मग पुन्हा विचारले, “तिलासुद्धा वाचता येत नव्हते?” मी म्हटले, नव्हते. त्यांनी फाटकाला हात लावून कपाळाला लावला, नातवाला कडेवर घेतले आणि आत गेल्या.

त्या दिवशी, परतीच्या वाटेवर, पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली असता मी मुलीला खरे सांगितले. म्हटले, “पप्पांनी नको म्हटले नव्हते. नको मी म्हटले होते.” ती म्हणाली, “मला त्याच दिवशी कळले होते, आई. पप्पांनी दुसऱ्या दिवशी मला विचारले होते की, अर्ज टाकलास का.” सात वर्षे ती जाणून होती, आणि सात वर्षांत तिने मला एकदाही बोलून दाखविले नाही. मैत्रिणींनो, मला शिक्षा हवीच असेल तर ती एवढी पुरे आहे.

ही गोष्ट मी माझी शोभा करून घेण्यासाठी सांगितली नाही. आपण मुलींचा गौरव करतो, ते योग्यच आहे. पण ज्या मुली आज या मंचावर आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत? आपण म्हणतो : गरिबी आली, पुरुष आडवे आले, जग वाईट आहे. यांतले पुष्कळ खरे आहे. परंतु काही अर्ज आपणच, आपल्याच स्वयंपाकघरात घडी घालून ठेवलेले असतात. आणि ज्या घरी अक्षर नाही, त्या घरची एखादी बाई तेच अर्ज शोधून बाहेर काढते. मग अडाणी कोणाला म्हणावे?

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली. पुढील वर्षापासून गुणगौरव करताना मुलीबरोबर तिला शिकू देणाऱ्या बाईलाही मंचावर बोलवावे. ती आई असो, सासू असो, आजी असो, की शेजारीण असो. नारळ तिलाही द्यावा.

दुसरी. उन्हाळ्यात आपण बिबडे-पापड-कुरडयांची विक्री करतो. त्या नफ्यातला चौथा हिस्सा परीक्षेची फी, एस.टी.चा पास आणि वसतिगृहाची अनामत यांसाठी बाजूला ठेवावा. रक्कम मोठी नसेल. पण अनामतीपायी एका मुलीचा प्रवेश जाऊ नये, इतकी तरी होईल. हिशेब मी ठेवीन, आणि दर महिन्याच्या सभेत वाचून दाखवीन.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आपापल्या गल्लीत लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे शिक्षण अर्धे सोडलेल्या मुली-सुना किती आहेत, याची यादी करावी. दोघी-दोघींनी त्यांच्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, आणि एवढेच विचारावे की, बाई, तुझा कागद कुठे ठेवला आहेस? बोलायचे ते सासूशी बोलावे. गरज पडली तर मूल सांभाळायला कोण येईल, हेही आपणच ठरवून जावे. माझे नाव त्या कामी पहिले लिहावे. माझे एक कर्ज फेडायचे राहिले आहे.

माझी मुलगी आज शिरपूरकडे एका महाविद्यालयात शिकविते. तिच्या वर्गातल्या मुलींपैकी कितीजणी पुढे जळगावला जातील, हे जितके त्यांच्या गुणांवर ठरेल तितकेच त्यांच्या घरातल्या बायांवर ठरेल.

आज सत्कार झालेल्या मुलींना मी आशीर्वाद देते. त्यांनी घरी गेल्यावर पदक आधी देवापुढे न ठेवता, ज्या हातांनी त्यांचा डबा भरला त्या हातांत ठेवावे. देव रागावणार नाही.