रिकाम्या खाटेचें भाडें

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा ह्या दोघींचें पाणी घेऊन आलेली ही नदी येथें आपलें नांव टाकते आणि गोदावरी होऊन पुढें जाते. खालीं सोमनूरपाशीं बस्तरांतून आलेली इंद्रावती तिला भेटते. सिरोंच्याच्या समोर, पैलतीरीं, तेलंगणांतील काळेश्वराचें देवालय आहे. पूल होण्यापूर्वीं ह्या तीराचा त्या तीराशीं व्यवहार नावेनें चाले. सिरोंच्याचा रहिवासी घरीं मराठी किंवा तेलुगु बोले, रानांतला माडिया आपली भाषा बोले. पण तरीच्या नावेपाशीं आल्यावर सर्वांची भाषा एकच होई, आणि ती म्हणजे हिशेबाची.

तरीच्या नावेचे नियम कोठेंही गेलें तरी दोनच असतात. नाव भरेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर माणशीं ठरलेले पैसे द्यावेत आणि मिळेल त्या फळीवर बसावें. घाई असेल, तर सबंध नावेचें भाडें मोजावें आणि एकट्यानें पार व्हावें. ह्या दुसऱ्या नियमाविरुद्ध कोणी कुरकुर करीत नाहीं. कारण थांबावें कीं जावें हें उतारूच्या हातीं असतें. रिकाम्या फळीचे पैसे तो देतो ते आपण होऊन देतो.

आज ज्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे ती ह्याच दोन नियमांतून निघते. समुद्रावरील सहलीच्या ज्या मोठ्या आगबोटी अलीकडे निघाल्या आहेत, आणि ज्यांना सर्वजण ‘क्रूझ’ म्हणतात, त्यांवर एकट्यानें जाऊं इच्छिणाऱ्या मनुष्यास केबिन राखून ठेवतांना किती पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि ते एकाचे कीं दोघांचे, हा तो प्रश्न होय.

सिरोंच्याच्या संदर्भांत आगबोटीचें नांव निघालें म्हणून कोणी हसूं नये. १८६० च्या सुमारास मध्यप्रांतांत ‘अपर गोदावरी’ नांवाचा जिल्हा करण्यांत आला, आणि त्याचें मुख्य ठिकाण सिरोंचा होतें. समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा ह्या नद्यांच्या मार्गानें वऱ्हाडचा कापूस आगबोटींतून नेतां यावा, अशी त्या काळची महत्त्वाकांक्षी योजना होती. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: पहिला दुम्मागुडेम येथें, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ एंचमपल्ली येथें आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथें. पुष्कळ पैसा आणि पुष्कळ मजुरी खर्च झाली. पण खडक हटले नाहींत, रेल्वे मात्र आली. १८७१ मध्यें तें काम सोडून देण्यांत आलें आणि १८७४ मध्यें तो जिल्हाही चांद्यांत विलीन झाला. आगबोटीची वाट पाहणें हें ह्या गांवाला अगदींच नवीन नाहीं.

आतां एक उदाहरण कल्पूं. समजा, सिरोंच्यांत एक वृद्ध शिक्षिका आहेत. पती वारले, मुलें आपापल्या संसारांत. नोकरी संपली, निवृत्तिवेतन चालू आहे. जन्म संगमाच्या कांठीं गेला, पुष्कराच्या पर्वणींत सगळा आंध्र आणि तेलंगण येथें लोटलेला पाहिला, पण समुद्र पाहिला नाहीं. एके दिवशीं त्यांनीं ठरविलें कीं मुंबईहून निघणाऱ्या सहलीच्या आगबोटींतून एकदां समुद्र पाहून यावें. जाहिरातींत छापलें होतें, ‘माणशीं रुपये ३०,०००’. बाईंनीं तेवढे पैसे बाजूला काढले. नंतर चौकशी केली, तेव्हां कळलें कीं तो आंकडा ‘एका खोलींत दोघे’ ह्या अटीवर आहे. एकट्यासाठीं दर वेगळा.

हा वेगळा दर कां असतो, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. कारण ज्याचें म्हणणें ऐकलें नाहीं त्याला दोष देणें न्यायाचें नव्हे. आगबोटीच्या कंपनीचें उत्पन्न माणसांवर मोजलें जात नाहीं, तें खोल्यांवर मोजलें जातें. प्रत्येक खोलींत दोघे धरून जहाज शंभर टक्के भरलें असें मानण्याची ह्या धंद्याची रीत आहे. म्हणूनच तिसरी-चौथी खाट लागली कीं जहाज शंभराहून अधिक टक्के भरल्याचें विलक्षण वाक्य त्यांच्या अहवालांत वाचावयास मिळतें. बंदर सोडल्यावर खोल्या वाढवितां येत नाहींत. एका खोलींत एकच माणूस गेला, तर दुसऱ्याचें भाडें बुडतें, आणि तो दुसरा जहाजावर जे पैसे खर्च करील तेही बुडतात. ही तूट भरून काढण्यासाठीं एकट्या प्रवाशावर अधिभार बसवितात. तो कोठें निम्मा असतो, कोठें पूर्ण, आणि जहाज रिकामें राहण्याची भीति असेल तेव्हां कधीं मुळींच नसतो.

ह्या युक्तिवादांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. जो दुसरा मनुष्य आलाच नाहीं, तो जेवलाही नाहीं. त्याचें अन्न वांचलें, त्याचें पांघरूण धुवावें लागलें नाहीं. मग एकट्याकडून अगदीं दोघांचें भाडें घेण्याचें समर्थन खर्चाच्या हिशेबानें पुरतें होत नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. ज्या काळांत आगबोट ही सहलीची नव्हे, तर परदेशीं पोहोंचण्याची एकमेव वाट होती, त्या काळांत तिकीट सामान्यतः खाटेचें मिळे. खोलींत दोन किंवा चार खाटा असत. पुरुषांच्या खोलींत पुरुष, स्त्रियांच्या खोलींत स्त्रिया, आणि शेजारच्या खाटेवर कोण येणार हें दैवावर. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघालेल्या आगबोटींतून आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना अठरावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें, आणि पति गोपाळराव मागें हिंदुस्थानांतच राहिले होते. त्या जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. एकट्यानें समुद्र ओलांडण्याची परंपरा मराठी समाजांत आहे, आणि ती एका स्त्रीनें उजळलेली आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

आगगाडींत आजही खाटेचा न्याय चालतो. दोन खाटांच्या कूपेंत एकट्यास जागा मिळाली, तर रेल्वे त्याच्याकडून दुसऱ्या खाटेचे पैसे मागत नाहीं. ती खाट दुसऱ्या प्रवाशाला विकते. २०१८ च्या ऑक्टोबरांत मुंबई आणि गोवा ह्यांमध्यें ‘आंग्रिया’ ही आगबोट सुरू झाली, तींत खोल्यांखेरीज सामायिक दालनांतल्या सुट्या खाटाही होत्या. म्हणजे एकट्याला एकट्यापुरतें तिकीट घेतां येत असे. ती सेवा पुढें राहिली नाहीं. परदेशीं ह्या बाबतींत कांहीं सुधारणा झाली आहे. २०१० सालीं निघालेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ ह्या जहाजावर एकेकट्यासाठींच १२८ लहान खोल्या बांधल्या गेल्या. ‘क्वीन मेरी २’ ह्या प्रख्यात जहाजावर २०१६ च्या दुरुस्तींत अशा १५ खोल्या नव्यानें करण्यांत आल्या. पण अशा खोल्या थोड्या असतात आणि लवकर भरतात.

आतां आगाऊ रकमेकडे वळूं. मराठींत ह्या रकमेला दोन शब्द आहेत, आणि ते एक नव्हेत. ‘अनामत’ म्हणजे विश्वासानें ठेवलेली रक्कम. काम झालें कीं ती जशीच्या तशी परत मिळावयाची. ‘इसार’ म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. सौदा पुरा झाला तर ती किंमतींतून वजा होते, आणि घेणाऱ्यानें माघार घेतली तर बुडते. आगबोटीच्या कंपन्या जिला ‘डिपॉझिट’ म्हणतात ती बहुधा इसार असते. पण ऐकणाऱ्याच्या मनांत मात्र अनामतीचा अर्थ उभा राहतो. निम्मी भांडणें ह्या एका शब्दांतून जन्मतात.

बाईंचा हिशेब मांडून पाहूं. भाडें माणशीं ३०,०००. बंदराचे आकार आणि कर माणशीं ४,००० निराळे. इसार भाड्याच्या चौथाईइतका, असें धरूं. दोघीजणी गेल्या तर एकीचा इसार ७,५०० आणि एकूण खर्च ३४,०००. एकटीवर निम्मा अधिभार असेल तर भाडें ४५,०००, इसार ११,२५० आणि करांसह एकूण ४९,०००. पूर्ण अधिभार असेल तर भाडें ६०,०००, इसार १५,००० आणि एकूण ६४,०००. दोघींचा मिळून खर्च ६८,००० होतो. म्हणजे दुसरी न आल्यानें फक्त ४,००० वांचले. येथें एक सूक्ष्म गोष्ट पाहण्याजोगी आहे. बंदराचा आकार आणि कर हे जिवंत माणसावर असतात, रिकाम्या खाटेवर नसतात. ते दोन माणसांचे लावले असतील, तर ती चूक समजून दुरुस्त करून घ्यावी.

कांहीं ठिकाणीं इसार चौथाई वगैरे नसतो, तर ठराविक आंकडा असतो. तो ‘माणशीं’ आहे कीं ‘खोलीमागें’, हें पुष्कळदां स्पष्ट लिहिलेलें नसतें. माणशीं असेल तर एकटीनें एकच भरावा. खोलीमागें असेल तर दोघींचा भरावा लागतो. नीट विचार केल्यास, इसार दुप्पट भरल्यानें प्रवास महाग होत नाहीं. कारण ती रक्कम शेवटच्या हप्त्यांतून वजा व्हावयाचीच असते. दुप्पट इसाराचा डंख लागतो तो प्रवास रद्द झाला तरच. पण नेमकें हेंच एकट्या माणसाच्या बाबतींत अधिक संभवतें. घरांत चौघे असतील तर एक आजारी पडल्यास दुसरा सोबतीस जातो. एकट्याचा ताप हा सगळ्या प्रवासाचा ताप असतो.

सिरोंच्याच्या माणसाला आणखी एक धोका आहे. पावसाळ्यांत आलापल्लीकडचा रस्ता नाल्यांच्या पुरानें बंद पडतो. २०२२ च्या जुलैंत गोदावरी आणि प्राणहिता ह्यांना आलेला महापूर ह्या तालुक्यानें अनुभवला आहे. मुंबईच्या धक्क्यावरून जहाज ठरल्या वेळीं सुटतें. नाला उतरला कीं नाहीं हें तें विचारीत नाहीं. आणि वेळेवर न पोहोंचलेल्या प्रवाशाचा इसारच नव्हे, तर बहुधा सगळें भाडें जातें. म्हणून दूरच्या गांवच्या माणसानें दोन दिवस हाताशीं ठेवूनच निघावें, आणि प्रवासाचा विमा उतरतांना रस्ता बंद पडल्यास भरपाई मिळते कीं नाहीं हें वाचून पाहावें.

दोन मैत्रिणींनीं मिळून खोली घेतली तर हा प्रश्न सुटला, असें वाटतें. तो अर्धाच सुटतो. एकीनें ऐन वेळीं नकार दिला, तर तिचा इसार जातो हें तर झालेंच. पण जी राहिली ती त्या क्षणापासून ‘एकटी’ ठरते, आणि तिच्याकडून अधिभार मागितला जाऊं शकतो. अशा वेळीं जाणाऱ्या मैत्रिणीचा बुडालेला पैसा राहणाऱ्या मैत्रिणीच्या अधिभारांत धरला जाईल काय, आणि तिच्या जागीं दुसरी सोबतीण आणतां येईल काय, हें आधींच लेखी विचारून ठेवावें. मैत्री टिकविण्याचा हा रुक्ष, पण खात्रीचा मार्ग आहे.

कायदा ह्या बाबतींत अगदींच मुका नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें, करार मोडल्याबद्दल जी रक्कम आधीं ठरविली असेल ती भरपाईची कमाल मर्यादा होय. न्यायालय तिच्या आंत वाजवी असेल तेवढीच देववितें. खरा इसार जप्त करणें हें वाजवी मर्यादेंत असेल तर तो दंड ठरत नाहीं. पण इसाराच्या नांवाखालीं मोठी रक्कम अडकविली असेल तर तिला हें कलम लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६९ मध्यें मौला बक्ष ह्यांच्या खटल्यांत सांगितलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. उघड उघड अवाजवी अनामत मागणें हें त्यानें ‘अनुचित करारा’च्या व्याख्येंत घातलें. अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जातां येतें. आणि सेवेंत उणीव राहिल्याची साधी तक्रार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करतां येते. म्हणजे सिरोंच्याच्या बाईंना त्यासाठीं मुंबईस जावें लागत नाहीं; गडचिरोलीस गेलें तरी चालतें.

परंतु कायद्याची पायरी चढण्यापेक्षां चार प्रश्न विचारणें सोपें आहे. छापलेलें भाडें एकाचें कीं दोघांतल्या एकाचें? एकट्यावर अधिभार किती, आणि तो करांवरही लावला आहे काय? इसार माणशीं कीं खोलीमागें, आणि कोणत्या तारखेपर्यंत तो परत मिळतो? पुढें सोबती मिळाला, किंवा असलेला सुटला, तर हिशेब कसा फिरेल? ह्या चारांचीं उत्तरें दलालाच्या तोंडून नव्हे, कागदावर घ्यावींत. आणि तीं मिळाल्यावांचून एक पैसाही देऊं नये.

‘एकटा जीव सदाशिव’ असें मराठींत म्हणतात. एकट्याला कोणाचा पाश नाहीं, असा त्याचा सुखद अर्थ. पण बाजारांत एकट्याचा कोणी वाली नसतो, हाही त्याला चिकटलेला दुसरा अर्थ आहे. विधवा, विधुर, अविवाहित, मुलें दूर गेलेले आईबाप अशा घरांची संख्या शहरांत कमी नाहीं. त्यांनीं समुद्र पाहूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. पण दर ठरविणाऱ्याचा आंकडा मात्र नकळत तेंच म्हणत असतो.

कल्पनेंतल्या त्या बाईंनीं शेवटीं काय केलें असेल? त्यांनीं चारही प्रश्न लिहून पाठविले असतील, निम्म्या अधिभाराचें जहाज शोधलें असेल, आणि ११,२५० रुपये ‘इसार’ अशा शब्दानें पावतीवर लिहवून घेऊन भरले असतील. कारण नदीकांठचा माणूस सबंध नावेचें भाडें देण्यास नाखूष नसतो. नाव सबंध आहे हें त्याला आधीं सांगितलें पाहिजे, इतकेंच त्याचें मागणें असतें.